गणपतीच्या दिवसांत दिनक्रम मोडतो तेव्हा: स्वमग्न प्रौढांसाठी

स्वमग्न (ऑटिस्टिक) व्यक्तीला ठरलेल्या क्रमातला बदल जड जातो, ही गोष्ट बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ सालच्या आपल्या शोधनिबंधातच नोंदवली होती आणि २०१३ मध्ये आलेल्या डीएसएम-५ या मानसिक विकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेच्या निकषांतही तिचा समावेश आहे. तरीही घरोघरी तिला हट्ट म्हटले जाते. आम्हा स्वमग्न प्रौढांपैकी अनेकांना उठणे, दात घासणे, चहा, आंघोळ अशा साध्या कामांतला प्रत्येक टप्पाही जाणीवपूर्वक जुळवावा लागतो. क्रम रोज तोच राहिला की ते श्रम वाचतात आणि तो मोडला की पावलोपावली नव्याने ठरवत बसावे लागते.

गणपतीच्या दिवसांत हे सगळे एकदमच अंगावर येते. सामान हलते, पाहुणे मुक्कामाला येतात, जेवणाची वेळ आरतीवर ठरते, धूप-अगरबत्तीचा वास घरभर भरतो आणि रस्त्यावर ढोल-ताशे वाजत असतात. मात्र तारीख तिथीप्रमाणे दरवर्षी सरकत असली तरी ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेत कितीतरी आधी छापलेली असते, गणपती दीड दिवसांचा की पाच, सात वा दहा दिवसांचा हेही घरात ठाऊक असते, त्यामुळे या बदलाची तयारी करायला पुरेसा अवधी मिळतो.

मखराची खरेदी सुरू होण्याआधीच घरच्यांशी बसून बोला आणि कागदाचे दोन भाग करा: एकात जे बदलणार ते, दुसऱ्यात जे तसेच राहणार ते. माझ्या मते दुसरा भाग आधी भरावा, कारण आधार त्याचाच असतो. आपला कप, आपली उशी, आंघोळीची वेळ, रात्रीचा साधा वरणभात अशा लहान गोष्टी त्यात नावानिशी लिहाव्यात आणि त्यांना कोणी हात लावू नये, हे आधीच मान्य करून घ्यावे. मग पहिल्या भागाकडे वळा. कोण कधी येणार, कुठे झोपणार, सकाळी न्हाणीघर कोणाला केव्हा लागणार, आपली खुर्ची हलवली तर ती कुठे जाणार, हे सगळे विचारावे. ‘बघू, होईल काहीतरी’ हे उत्तर मिळाले तर निदान ते किती वाजेपर्यंत ठरेल, एवढे तरी विचारून घ्यावे. अनिश्चिततेलाही एक सीमा आखता येते.

आरतीच्या वेळी टाळ्या, झांजा आणि दाटीवाटी असह्य होत असतील, तर यजमानांना आधीच सांगून ठेवावे, ‘मी आरतीला आतल्या खोलीत थांबेन, झांजा थांबल्या की मंत्रपुष्पांजलीला बाहेर येईन.’ यात कोणाचा अनादर होत नाही आणि सहभागही राहतो. कानात घालायचे बोळे खिशातच असावेत, कारण ते शोधायला जाण्याइतकेही बळ त्या क्षणी उरत नाही.

अचानक आलेल्या बदलाला मात्र कागद पुरत नाही. मुंबईत रविवारच्या मेगाब्लॉकची सूचना आधी मिळते, पण पावसाने लोकल खोळंबली की तीही मिळत नाही. अशा वेळी अनेक पर्याय हाताशी असण्यापेक्षा एकच ठरलेला पर्याय बरा, कारण निवड करणे हेच तेव्हा सर्वांत अवघड असते. ताणामुळे काहींचे बोलणेच थांबते. म्हणून ‘गाडी बंद आहे, मी सुरक्षित आहे, उशीर होईल, फोन करू नका’ असा मजकूर मोबाइलमध्ये तयार ठेवावा. ताण अनावर झालाच, तर सोबतच्यांनी प्रश्न विचारू नयेत आणि समजूतही घालू नये. दिवा मंद करावा, गर्दी हटवावी आणि वेळ द्यावा.

कामाच्या ठिकाणीही हे मागता येते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे आणि सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयी पुरवण्याचे बंधन आहे. नोकरी खासगी असली तरी कामाची पाळी, बसण्याची जागा किंवा बैठकीची वेळ बदलणार असल्यास आदल्या दिवशी लेखी कळवावे, अशी विनंती ईमेलने करून ठेवणे हिताचे ठरते.

‘सवय व्हावी’ म्हणून मुद्दाम दिनक्रम मोडण्याचा सल्ला पुष्कळ जण प्रेमाने देतात, पण मला तो मुळीच मान्य नाही. बदल कधी आणि किती करायचा हे ज्याचे त्याने ठरवले तरच त्यातून बळ येते. लादलेल्या बदलातून फक्त भीती वाढते.

विसर्जनानंतर घर पूर्ववत होणे हाही एक बदलच असतो. म्हणून दुसऱ्या दिवसाची रजा आधीच टाकावी, पाहुण्यांना निरोप देण्याचे काम इतर कोणाकडे सोपवावे आणि त्या दिवशी जुन्या क्रमातली दोन-तीनच कामे, नेहमीच्या वेळी, नेहमीच्या जागी करावीत.