एसएपी हाना क्लाउडवर नेताना डिस्क कशी मांडावी

सांगलीत कृष्णेचं पाणी २०१९ च्या ऑगस्टात शहरात शिरलं आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा. तळमजल्यावर सर्व्हर ठेवणाऱ्या मालकांना क्लाउड कशाला, हे आता फारसं समजावावं लागत नाही. त्यात हिशोब, साठा, खरेदी सांभाळणाऱ्या एसएपीच्या जुन्या ईसीसी सॉफ्टवेअरचा नेहमीचा सपोर्ट २०२७ अखेर संपतो आहे, आणि त्यापुढची आवृत्ती, एस/४ हाना, फक्त एसएपीच्या हाना डेटाबेसवरच चालते. म्हणून कुपवाड-मिरज एमआयडीसीतली फाउंड्री असो की साखर कारखाना, आयटी सांभाळणाऱ्या माणसापुढे एक कागद येतोच: क्लाउडवर मशीन घ्यायचंय, रॅम किती, डिस्क किती? रॅमचा आकडा सगळे नीट काढतात. डिस्कच्या रकान्यात ‘१ टीबी’ लिहून मोकळे होतात, आणि पुढची सगळी रडारड त्या एका रकान्यातून सुरू होते. हानाची डिस्क वेग बघून घ्यावी लागते, जागा त्यामानाने स्वस्त असते.

खालची उदाहरणं मायक्रोसॉफ्ट अझूरची आहेत, कारण त्याचं सेंट्रल इंडिया रीजन, म्हणजे डेटा सेंटरांचा समूह, पुण्यात आहे. एडब्ल्यूएस आणि गूगलची रीजन्स मुंबईत आहेत. तिथे डिस्कची नावं बदलतात, हिशोब तोच राहतो.

आधी समजून घ्या: डिस्कवर जातं काय

हानाची टेबलं रॅममध्ये असतात, पण वीज गेली की रॅम कोरी. त्यामुळे डिस्कवर दोन प्रकारचं लेखन सतत चालू असतं. हळदीच्या अडत दुकानात व्यवहार झाला की दिवाणजी तो आधी किर्दीत उतरवतात आणि खतावणी नंतर सवडीने करतात. हानाचंही तसंच आहे. कोणी एन्ट्री सेव्ह केली की ती रीडू लॉगमध्ये लिहिली जाते, आणि डिस्ककडून ‘लिहिलं’ असा होकार येईपर्यंत स्क्रीनवरचा माणूस थांबून राहतो. टेबलांची बदललेली पानं डेटा व्हॉल्यूमवर (डेटासाठी राखलेल्या डिस्कच्या भागावर) उतरतात ती ठरलेल्या अंतराने, मूळ सेटिंगप्रमाणे दर ५ मिनिटांनी. याला सेव्हपॉइंट म्हणतात.

यातूनच दोन वेगळ्या गरजा निघतात. लॉगमधली लेखनं लहान असतात, ४ केबीपासून १ एमबीपर्यंत. तिथे एका लेखनाला लागणारा वेळ महत्त्वाचा. तो १ मिलिसेकंदाच्या आत हवा. डेटा व्हॉल्यूमवर १६ एमबी, ६४ एमबी असे मोठाले गठ्ठे जातात. तिथे सेकंदाला किती माल वाहतो ते बघायचं. प्रॉडक्शनसाठी, म्हणजे रोजच्या खऱ्या कामाच्या सिस्टीमसाठी, एसएपीची किमान अपेक्षा अशी: लॉगला सेकंदाला २५० एमबी, डेटावर लिहिताना २५० आणि वाचताना ४००. वाचनाचा आकडा रोजच्या कामात जाणवत नाही. मशीन रिस्टार्ट झालं की जाणवतो, कारण ४०० जीबी डेटा ४०० च्या वेगाने वाचायलाही साधारण १७ मिनिटं लागतात. कॉलम टेबलं गरजेप्रमाणे मागाहून चढतात, तेवढाच दिलासा.

पायरी १: जागेचा हिशोब

२५६ जीबी रॅमचं मशीन धरू. डेटा व्हॉल्यूमला रॅमच्या १.२ पट, म्हणजे सुमारे ३०८ जीबी. लॉगला रॅमच्या निम्मं, १२८ जीबी. रॅम ५१२ जीबीच्या वर गेली तरी लॉगला ५१२ जीबी पुरतात. हानाचा प्रोग्राम आणि ट्रेस फायली (चुका शोधायला लागणाऱ्या नोंदी) जिथे राहतात त्या शेअर्ड व्हॉल्यूमला रॅमइतकी जागा, जास्तीत जास्त १ टीबी. ऑपरेटिंग सिस्टीमची डिस्क वेगळी आणि बॅकअपची जागा त्याहून वेगळी. डेटा आणि लॉग एकाच डिस्कवर ठेवायचा मोह बजेटच्या मीटिंगमध्ये हमखास होतो. तिथे नाही म्हणा.

पायरी २: मशीनची स्वतःची मर्यादा बघा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. प्रत्येक व्हर्च्युअल मशीनला डिस्कशी बोलण्याची स्वतःची कमाल मर्यादा असते. सगळ्या डिस्का मिळून सेकंदाला ८०० एमबी देत असतील आणि मशीनची मर्यादा ५०० असेल, तर हाती ५००च येतात; वरच्या ३०० चं बिल मात्र भरावं लागतं. एसएपीने हानासाठी प्रमाणित केलेल्या मशीनची यादी प्रसिद्ध आहे, त्यातलंच मशीन निवडा आणि त्याच्या माहितीपत्रकातली डिस्क थ्रूपुटची (सेकंदाला किती एमबी वाहतात त्याची) ओळ वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. डिस्क आणि मशीन रीजनमधल्या एकाच झोनमध्ये (डेटा सेंटरच्या एकाच गटात) घ्या.

पायरी ३: डिस्क निवडा

अझूरच्या प्रीमियम एसएसडीमध्ये वेग आकाराला बांधलेला असतो. ५१२ जीबीची एक पी२० डिस्क सेकंदाला १५० एमबी देते. १२८ जीबीच्या पी१० डिस्का चार घेतल्या तर जागा तीच ५१२ जीबी, पण प्रत्येकीचे १०० धरून वेग ४००. किमतीत फरक थोडाच. लहान डिस्का काही काळ जास्त वेग देतात, त्याला बर्स्ट म्हणतात. पण तो एका दमात फार तर ३० मिनिटं टिकतो. डेमोच्या दिवशी सगळं पळतं आणि महिनाअखेरीला अडखळतं, त्यामागे बऱ्याचदा हे बर्स्ट असतं. हिशोब नेहमी मूळ वेगावर करा.

नव्याने मांडणी करत असाल तर माझं मत सरळ आहे: डेटा आणि लॉग दोन्हींसाठी प्रीमियम एसएसडी व्ही२ घ्या. त्यात जागा, आयओपीएस (सेकंदाला किती वेळा वाचता-लिहिता येतं) आणि थ्रूपुट हे तीन आकडे वेगवेगळे भरता येतात. ३००० आयओपीएस आणि सेकंदाला १२५ एमबी मूळ किमतीतच येतात. एडब्ल्यूएसच्या जीपी३ डिस्कचंही हेच गणित आहे. १२५ हा आकडा लॉगला पुरत नाही, म्हणून थ्रूपुटच्या रकान्यात लॉगसाठी २७५ आणि डेटासाठी ४२५ असे हात थोडा सैल ठेवून आकडे भरा. ते रकाने तसेच सोडून ‘पुढे’ दाबलं तर डिस्क १२५ वरच चालते. कुठलीही चूक दाखवली जात नाही, म्हणून ते लक्षातही येत नाही.

जुन्या प्रीमियम एसएसडीवरच राहायचं असेल तर लॉगसाठी राइट ॲक्सिलरेटर ही लेखन जलद करणारी सोय लागते, आणि ती फक्त अझूरच्या एम-सिरीजच्या मशीनवर मिळते. शेअर्ड व्हॉल्यूमला साधी प्रीमियम एसएसडी चालते.

पायरी ४: जोडणी आणि कॅशिंग

डिस्क जोडताना होस्ट कॅशिंगचा, म्हणजे डिस्कवरचा माल मशीनजवळ तात्पुरता साठवण्याचा, पर्याय विचारला जातो. साध्या लॉग डिस्कला ‘नन’. डेटाला ‘नन’ किंवा फार तर ‘रीड ओन्ली’. शेअर्डला ‘रीड ओन्ली’. ‘रीड-राइट’ यातल्या कशालाच नको. व्ही२ डिस्कवर होस्ट कॅशिंगच नसतं, तो प्रश्न मिटला.

पायरी ५: लिनक्सवर व्हॉल्यूम बनवा

व्ही२ची एकच डिस्क असेल तर स्ट्राइपची, म्हणजे माल अनेक डिस्कांवर पट्ट्यांनी वाटण्याची, गरज नाही. चार पी१० घेतल्या असतील तर एलव्हीएम या लिनक्सच्या डिस्का एकत्र करणाऱ्या साधनाने त्यांचा एक व्हॉल्यूम ग्रुप करा आणि लॉजिकल व्हॉल्यूम चारही डिस्कांवर पट्ट्या पाडून बनवा. पट्टीचा आकार डेटासाठी २५६ केबी, लॉगसाठी ६४ केबी. हा पर्याय विसरून साधा व्हॉल्यूम केला तर एलव्हीएम पहिली डिस्क भरल्यावरच दुसरीकडे वळतं, आणि चार डिस्कांचे पैसे भरून वेग एकीचाच मिळतो. फाइल सिस्टीम एक्सएफएस ठेवा.

बूट होताना कोणती डिस्क कुठे जोडायची ते सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये डिस्कचं ‘एसडीसी’, ‘एसडीडी’ असलं नाव लिहू नका. क्लाउडवर रीबूटनंतर ही नावं बदलू शकतात. यूयूआयडी (न बदलणारा ओळख क्रमांक) किंवा लॉजिकल व्हॉल्यूमचं नाव लिहा, आणि सोबत ‘नोफेल’ हा पर्याय टाका; नाहीतर एक डिस्क जोडायची राहिली की मशीन बूटच होत नाही.

एक्सएफएस वाढवता येते, कमी करता येत नाही. क्लाउडची डिस्कही तशीच. म्हणून सुरुवातीला गरजेपुरती, लहानच घ्या. मात्र चार पट्ट्यांचा व्हॉल्यूम वाढवताना चारही डिस्का वाढवाव्या लागतात किंवा नव्या चार जोडाव्या लागतात. एक जोडून भागत नाही.

पायरी ६: हाना टाकण्याआधी मोजा

एसएपीचं एचसीएमटी नावाचं मोजणीचं साधन आहे. रिकाम्या व्हॉल्यूमवर ते चालवा आणि आलेली फाइल एसएपीच्या विश्लेषणाच्या पानावर चढवा. डेटा आणि लॉग निकषात बसतात की नाही ते तिथे दिसतं. हे आधी करून ठेवलं की एक नेहमीचा वाद मिटतो. सिस्टीम हळू चालली की आपल्याकडे पहिलं बोट सांगली-पुणे लाइनकडे जातं. पण लॉगचं लेखन पुण्याच्या डेटा सेंटरच्या आतच होतं, त्याचा आपल्या लाइनशी संबंध नाही. लाइन खराब असेल तर स्क्रीन उघडायलाही वेळ लागतो. फक्त ‘सेव्ह’ दाबल्यावरच गाडी अडत असेल तर आधी लॉग डिस्क तपासा.

पायरी ७: बॅकअपची वाट वळवा

हाना टाकल्यावर लॉग मोड ‘नॉर्मल’ दिसतो, पण पहिला पूर्ण बॅकअप होईपर्यंत जुने लॉग पुसूनच लिहिले जातात. म्हणजे तोवर मधल्या वेळेवर परतायची सोय नाही. पहिला बॅकअप त्याच दिवशी घ्या.

तो झाला की लॉगचे बॅकअप आपोआप सुरू होतात, आणि मूळ सेटिंगमध्ये ते शेअर्ड व्हॉल्यूमवरच पडतात. तिथली जागा भरली की लॉग बॅकअप थांबतो, बॅकअप न झालेला लॉग मोकळा होत नाही, लॉग व्हॉल्यूम भरतो आणि डेटाबेस जागच्या जागी थबकतो. रॅम भरपूर, प्रोसेसर निवांत, आणि गळीत हंगामात काट्यावर ट्रॅक्टरांची रांग. दोन्ही बॅकअपचा मार्ग वेगळ्या व्हॉल्यूमवर वळवा किंवा बॅकइंट या हानाच्या बॅकअप जोडणीने थेट ऑब्जेक्ट स्टोरेजवर (क्लाउडच्या फायली साठवायच्या स्वतंत्र जागेत) पाठवा. लॉग आणि शेअर्ड व्हॉल्यूम ८० टक्के भरले की फोनवर इशारा येईल असं लावून ठेवा.

डिस्कचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेणार असाल तर आधी हानाला स्नॅपशॉटसाठी तयार व्हायला सांगावं लागतं, मग फाइल सिस्टीम गोठवायची, मग सगळ्या डिस्कांचे स्नॅपशॉट, मग गोठवलेली फाइल सिस्टीम मोकळी करायची, आणि शेवटी ‘झालं’ म्हणून हानाला कळवायचं. पट्ट्यांच्या व्हॉल्यूममधल्या चार डिस्कांचे चार वेगळ्या क्षणी घेतलेले स्नॅपशॉट जुळत नाहीत.

बिलाबद्दल एक सांगायचं राहिलं. टेस्ट सिस्टीम रात्री आणि रविवारी अझूरच्या पोर्टलवरून बंद (डीअलोकेट) ठेवली तर मशीनचं भाडं वाचतं, डिस्कचं वाचत नाही. व्ही२ डिस्कवर टेस्टसाठी थ्रूपुट मूळ १२५ वरच राहू द्या, वाढवायचं असेल तर ते नंतर वाढवता येतं. आणि मशीन काढून टाकलंत तर त्याच्या डिस्का यादीत शिल्लक राहिल्यात का ते बघा. कुठे जोडलेल्या नसल्या तरी त्यांचं बिल चालूच असतं.