जुन्या ऐरणीचा माथा पुन्हा कामाजोगा करताना

कोकणात एखादी लोहारशाळा बंद पडली की सांडशी-हातोडे वाटले जातात, पण ऐरण हलवायला जड म्हणून पडवीत नाहीतर माडाखाली पडून राहते. खारा वारा आणि पावसाळ्याचे चार महिने यांनी तिच्यावर गंजाचे पापुद्रे चढतात, आणि ती घरी आणणाऱ्याला पहिल्याच दिवशी ग्राइंडर लावून माथा आरशासारखा करावासा वाटतो. तसे कृपया करू नये. पुष्कळ जुन्या ऐरणींचे अंग मऊ लोखंडाचे असून कठीण पोलादाची जेमतेम अर्धा इंच जाडीची पाटी फक्त माथ्यावर जोडलेली असते. ऐरणीचे सारे मोल त्या अर्ध्या इंचात आहे.

सुरुवात विहिरीच्या गोड्या पाण्याने करावी. गंजाखाली मुरलेले मीठ निघाले नाही, तर वरून कितीही तेल चोपडले तरी आत गंज चालूच राहतो. ताठ ब्रशने दोन-तीनदा धुऊन ऐरण कडक उन्हात वाळवावी, रात्रभर डिझेल लावून ठेवावे आणि सकाळी तारेच्या ब्रशने घासावी. तांब्याची भांडी आमसुलाने लख्ख होतात म्हणून येथेही आंबट काही लावण्याचा सल्ला मिळेल. मी तो मानत नाही, कारण पाटीच्या सांध्यात शिरलेले आम्ल धुऊन निघत नाही.

माथा दिसू लागला की घासण्याआधी तपासणी करावी. एक इंची बेअरिंगची गोळी दहा इंचांवरून सोडावी; ती सात-आठ इंच उसळली तर पोलाद उत्तम आहे. माथ्यावर ठिकठिकाणी ही परीक्षा घ्यावी, कारण एखाद्याच जागी गोळी मेल्यासारखी पडली तर तेथे पाटी अंगापासून सुटली असण्याची शक्यता असते. नवी कानस कडेला हलकेच फिरवून पाहावी. पोलाद कठीण असेल तर ती न चावता घसरते. नुसत्या टणत्कारावर मात्र विसंबू नये, कारण बिडाच्या अंगाची ऐरण चांगली असूनही बद्द वाजते.

आता घासणे. ग्राइंडरला फ्लॅप डिस्क, म्हणजे पॉलिश कापडाच्या पाकळ्यांची चकती, साठ नंबरची घ्यावी, शेवटी त्याहून बारीक एकशेवीसची, आणि हात एका जागी थांबू देऊ नये. दर थोड्या वेळाने डिस्क थांबवून माथ्यावर तळवा टेकवावा. तो ठेववत नसेल तर काम थांबवून ऐरण निवू द्यावी. पोलादावर गवती पिवळा रंग आला म्हणजे उष्णता दोनशे अंशांच्या पुढे गेली, आणि निळा आला म्हणजे ती तीनशेच्या आसपास पोहोचून पोलादाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरू लागले. माझ्या ऐरणीच्या एका कोपऱ्यावर घाईत असा रुपयाएवढा निळा डाग पडला. बाकी माथा निर्मळ असताना हातोड्याचे वळ आजही नेमके त्या डागावर उमटतात. म्हणून उंचवटे आणि फुगलेल्या कडा तेवढ्या काढाव्यात, बारीक खड्डे राहू द्यावेत. माथ्याला मधोमध किंचित खोलगट बाक असेल तर तोही ठेवावा, वाकडा कोयता सरळ करायला तो फार उपयोगी पडतो. मिलिंग मशीनवर माथा सपाट करून घेण्याच्या मी पूर्ण विरोधात आहे.

कडा धारदार ठेवू नयेत. तीन ते पाच मिलिमीटरची गोलाई दिली तर त्या तुटत नाहीत आणि तापल्या लोखंडात चीरही पाडत नाहीत. जेथे कपचा उडाला असेल तेथे गोलाई वाढवली की बहुधा भागते. मोठा तुकडाच गेला असेल तर वेल्डिंग करता येते; मात्र त्यासाठी संपूर्ण ऐरण सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापवून, कोरड्या लो-हायड्रोजन रॉडने (वेल्डला तडे जाऊ नयेत म्हणून वापरायच्या वेल्डिंगच्या कांडीने) भरून मग सावकाश निवू द्यावी लागते. हे काम अनुभवी वेल्डरकडेच द्यावे.

शेवटी अंगाला उकळलेल्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा, आणि माथ्याला रोज काम झाल्यावर साधे मशीन ऑइल पुसावे. जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नयेत, त्या आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवाव्यात. पावसाळ्यात ऐरणीवर गोणपाट घालू नये, कारण ते ओल धरून बसते. वरून पन्हळीचा पत्रा हातभर उंच धरावा आणि वारा खेळता ठेवावा.