रिचार्ज केलात? मग बॉक्स बंद करू नका

खारेगावात आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांच्या लेकाने पुण्याहून सकाळी टीव्हीच्या डिशचा रिचार्ज मारला, पैसे कापल्याचा मेसेजही आला. आणि संध्याकाळी सातला, ऐन मालिकेच्या वेळी, चॅनल पॅकमध्ये नसल्याची पाटी! मी वर गेलो. काकू लाइट बिल वाचवायला सेट-टॉप बॉक्सचा स्विच दिवसभर बोर्डावरूनच बंद ठेवतात. मी तो चालू केला, न दिसणारा चॅनल लावला आणि म्हटलं, आता रिमोटला हात लावू नका. चहा होईपर्यंत मालिका सुरू. मी फक्त बसलो होतो.

कळव्यात 22 वर्षं केबलच्या लाइनवर काढली, पुढे डिशच्या छत्र्याही बसवल्या. 2013 च्या आधी ठाण्यात एकाच्या वायरला जोड मारला की दुसऱ्याकडेही सगळे चॅनल दिसायचे. डिजिटल आलं, बॉक्स सक्तीचा झाला आणि तो उद्योग बंद पडला. कारण चित्र आता कुलूप लावून येतं.

पैसे भरा वा न भरा, सिग्नल तुमच्या बॉक्सपर्यंत येतोच. उपग्रह 36 हजार किलोमीटरवरून गिऱ्हाईक बघून पाऊस पाडत नाही. फक्त चित्र उघडायची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते. नवी किल्ली चित्राच्या सोबतच येते, पण तीही कुलपात. ते कुलूप उघडतं बॉक्समध्ये घातलेलं कार्ड, किंवा कार्ड नसलेल्या बॉक्समधली चिप. कार्ड आधी बघतं, या चॅनलचा परवाना आपल्याकडे आहे का? असला तरच किल्ली बॉक्सच्या हातात पडते.

हा परवानाही त्याच वाटेने येतो. रिचार्ज झाला की कंपनी तुमच्या व्हीसी नंबरच्या, म्हणजे कार्डाच्या किंवा चिपच्या नंबरच्या, नावाने सिग्नलमध्ये एक निरोप सोडते. छत्रीचा बॉक्स फक्त ऐकतो, उलट विचारू शकत नाही. निरोप काही वेळ पुन्हा पुन्हा सोडला जातो, कायम नाही. तेवढ्यात बॉक्स बंद असला की निरोप हुकला. गणपतीला गावी जाऊन आठ-दहा दिवसांनी परतलेल्या घरांतून मला सगळ्यात जास्त फोन येतात ते यामुळेच. पैसे भरलेले असतात, कार्डातला परवाना मात्र जुनाच.

म्हणून रिचार्जनंतर बॉक्स चालू ठेवा, जो चॅनल हवा तोच लावा आणि अर्धा तास थांबा. नुसता रिमोटने बंद केलेला बॉक्स निरोप ऐकेलच यावर भरवसा नको. तरी नाही आलं, तर व्हीसी नंबर हाताशी घेऊन कस्टमर केअरला ‘रिफ्रेश पाठवा’ म्हणा. तेव्हाही बॉक्स चालूच हवा. शेजाऱ्याचं कार्ड घालून बघायचा मोह आवरा. कार्ड आणि बॉक्सची जोडी बहुधा बांधलेली असते.

हे सगळं पॅकची पाटी आली तर. ‘नो सिग्नल’ आलं किंवा चित्राचे चौकोनी तुकडे पडायला लागले, तर रिचार्जचा काही संबंध नाही. मेनूतल्या सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. लोक पहिलीकडे बघून खूश होतात. तुम्ही दुसरी बघा. नुसता गोंगाट आला तरी स्ट्रेंथ भरते, उपग्रहाशी नीट जुळलं की नाही ते क्वालिटी सांगते.

ठाण्यात छत्र्यांची तोंडं आग्नेयेला, साधारण पारसिकच्या डोंगराच्या अंगाला असतात. डोंगर आड येत नाही, उपग्रह बराच वर आहे. आड येतो तो समोर नवा उठलेला टॉवर. छत्री दिसते त्यापेक्षा बरीच वर बघत असते, तेव्हा ती समोरच्या गॅलरीकडे तोंड करून आहे असं वाटून कुणी हलवू नये. जुलैच्या मुसळधार सरीत चित्र गेलं तर सर ओसरू द्या. त्या पावसात छत्री फिरवणाऱ्यांची छत्री पाऊस थांबल्यावर मला परत जागेवर आणावी लागते.

ऊन असूनही क्वालिटी शून्य असेल तर बॉक्सचा प्लग काढा आणि वायरचं टोक खोलून बघा. प्लग आधी, कारण बॉक्स त्याच वायरमधून वर एलएनबीला, म्हणजे छत्रीच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, 13 किंवा 18 व्होल्ट पाठवतो. 13 वर एका ध्रुवणाचे, म्हणजे लहरी एका प्रकारे डोलत येणारे, चॅनल, 18 वर दुसऱ्या. अर्धेच चॅनल गायब असतील तर बऱ्याचदा यातलंच एक व्होल्टेज नीट पोचत नसतं, म्हणजे वायर किंवा एलएनबी तपासायचा. टोकाशी मधली तांब्याची तार कनेक्टरच्या कडेबाहेर दोनेक मिलिमीटर यावी. बाजूच्या जाळीचा केसाएवढा धागाही तिला टेकला की शॉर्ट. तार हिरवट पडली असेल तर पाणी शिरलंय. तेवढा तुकडा कापून नवा कनेक्टर लावायचा.

छत्रीकडच्या टोकाला मी वायर थोडी खाली लोंबती सोडतो, मग वर वळवून एलएनबीत घालतो. पाणी त्या झोळाच्या तळातून गळून जातं. काकूंच्या गॅलरीत कुणीतरी तो झोळ टापटीप दिसावा म्हणून ताणून बांधला होता. गेल्या पावसाळ्यात तिथला कनेक्टर मी दोनदा बदलला.