सुपरचार्जरवाल्या गाडीला बूस्ट गेज

माझ्या जुन्या मर्सिडीज सी २०० कॉम्प्रेसरला बूस्ट गेज, म्हणजे सुपरचार्जर इंजिनात दाबून भरतो त्या हवेचा दाब (बूस्ट) दाखवणारा काटा, मी ठाण्यात घोडबंदरला, सोसायटीच्या पार्किंगमध्येच बसवला. इंजिन गार होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा. खरी मेख टी (पाइपला फाटा काढणारा T आकाराचा जोड) जोडण्यात आहे. ती सुपरचार्जरच्या नंतर, इनटेक मॅनिफोल्डवरून (इंजिनात हवा वाटणाऱ्या भागावरून) निघणाऱ्या बारीक व्हॅक्यूम पाइपलाच जोडा. सुपरचार्जरच्या आधी जोडलीत तर बूस्ट दिसणारच नाही. ब्रेक बूस्टरचा पाइप सोडून द्या, ब्रेकशी खेळ कशाला? टीपासून गेजकडे जाणारी नळी फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) रबरी ग्रोमेटमधून, म्हणजे भोकातल्या रबरी कड्यातून, आत घ्या. ती कुठे दुमडायला नको, एक्झॉस्टजवळ तर अजिबात नको. वायरिंग सोपं: इग्निशनचा फ्यूज, अर्थ, पार्किंग लाइट. आयडलला काटा शून्याखाली, व्हॅक्यूमकडे हवा. बूस्ट बघायला पहाटेच निघा. एरवी गायमुखच्या ट्रॅफिकमध्ये काटा हलतोय कुठे!