ज्वालामुखीच्या उद्रेकापूर्वी शिलारसात पाणी किती होते, हे कसे मोजावे
कॅलिफोर्नियातील लाँग व्हॅली येथे सुमारे ७,६०,००० वर्षांपूर्वी झालेल्या उद्रेकातून बनलेल्या बिशप टफ या ज्वालामुखीच्या राखेच्या, सिलिकासमृद्ध खडकातून क्वार्ट्झचे स्फटिक निवडावेत. प्युमिसच्या, म्हणजे त्यातल्या सच्छिद्र, फेसाळ दगडाच्या काचेतील बहुतेक पाणी बुडबुड्यांवाटे निसटलेले असल्याने ती येथे कामाची नाही. स्फटिक वाढताना त्यात अडकलेले शिलारसाचे काचरूप थेंब सूक्ष्मदर्शकाखाली तपासून, तडा न गेलेले तेवढेच ठेवावेत. मग थेंबाची काच दोन्ही बाजूंनी उघडी पडेपर्यंत स्फटिक घासून पातळ करावा. येथे घाई केली, तर नमुना हातचा जातो. अवरक्त वर्णपटात ३५५० प्रतिसेंटिमीटर या तरंगसंख्येजवळ काचेतील पाण्यामुळे होणारे शोषण मोजून, शोषण, जाडी आणि प्रमाण यांचा संबंध सांगणाऱ्या बिअर-लँबर्ट नियमाने पाण्याचे प्रमाण काढावे. काचेच्या जाडीतील चूक थेट उत्तरात उतरते, म्हणून जाडी पुन्हा पुन्हा मोजावी. या खडकात उत्तर साधारणपणे वजनाच्या ४ ते ६ टक्के येते.