पिल्लू मागून लंगडतंय? खुब्याचं निदान करताना या चुका टाळा

लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर आता लातूर-नांदेडच्या फ्लॅटातही आलेत, आणि त्यांच्यासोबत हिप डिस्प्लेसियाही. खुब्याची वाटी उथळ, त्यातला मांडीच्या हाडाचा गोळा सैल, असा हा आजार. बराचसा आनुवंशिक.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे गुंगी न देता काढलेला एक्स-रे. औशाकडून सात महिन्यांचं लॅब आलं होतं. उठताना मागून जड, पळताना मागचे दोन्ही पाय जोडून सशासारख्या उड्या. मालक म्हणाले, "साहेब, डावा खुबा गेलाय म्हणं. ऑपरेशन सांगितलंय." फिल्म उजेडाला धरली तर कंबरेचं हाडच तिरकं आलेलं, त्यातली दोन भोकं लहानमोठी, एक मांडी बाहेर वळलेली. चौघांनी दाबून धरल्यावर दुसरं काय येणार? तिरक्या फोटोत एक वाटी उगाच उथळ दिसते, दुसरी खोल.

गुंगी दिली आणि आधी हातानं तपासलं. मांडी खुब्याकडं दाबून हळूच बाहेर नेली की सैल गोळा 'टक्' करून वाटीत बसतो. इथं दोन्हीकडं बसला. मग मांड्या समांतर, गुडघ्याच्या वाट्या मधोमध ठेवून फिल्म काढली. उजवाही डाव्याइतकाच सैल. एका बाजूचं ऑपरेशन थांबलं. जागं पिल्लू स्नायू आवळून धरतं, त्यात सैलपणा दडतो. "लहान आहे, गुंगी नको" म्हणणाऱ्यांची फिल्म मी काढत नाही.

दुसरं, कॅल्शियमची बाटली. लंगडलं की ओत. मोठ्या जातीच्या लहान पिल्लाला जादा कॅल्शियम आतड्यात अडवता येत नाही, ते अंगात जातं, त्यानं हाडांची वाढ बिघडते. पिल्लांच्या चांगल्या तयार खाद्यात ते मोजूनच असतं. वर टॉनिक कशाला?

गोचीड तापानंही सांधे धरतात. आधी रक्त तपासा.

आज हा पाय, उद्या तो, असं लंगडत असेल तर पायांची लांब हाडं दाबून बघा, दुखणं खुब्यात नसून तिथं असू शकतं.

माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नका. पोटात जखमा होतात, किडनी जाते.

"वर्षाचं होऊ द्या, मग बघू" हेही नको. सोळा आठवड्यांपासून खुबा ताणून काढलेल्या खास फिल्मवर सैलपणा मोजता येतो, आणि वाढ वळवणारी एक छोटी शस्त्रक्रिया साधारण वीस आठवड्यांच्या आतच उपयोगी पडते. उलट चौथ्या महिन्यातली साधी फिल्म स्वच्छ आली म्हणून पेढे वाटू नका. अमेरिकेतल्या ओएफए या संस्थेचा पक्का दाखलाही दोन वर्षांनंतरच मिळतो.

शंका राहिली तर परभणी किंवा उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा. जाताना मोबाईलवर चालीचा व्हिडिओ घ्या, मागून, सकाळी उठल्या उठल्या, मातीवर. टाइल्सवर चांगलं कुत्रंही घसरतं.