व्यावसायिकांनी एकत्र येऊन फर्म काढताना: आधी परिषदेचा नियम, मग संस्थेचा प्रकार

सीए, वकील किंवा वास्तुविशारद एकत्र येऊन काम करायचे ठरवतात, तेव्हा बहुधा पहिला प्रश्न असतो तो एलएलपी (मर्यादित दायित्व भागीदारी) करावी की साधी भागीदारी, हा. माझ्या मते हा प्रश्न नंतरचा आहे. सनद किंवा नोंदणी व्यक्तीला मिळालेली असते, आणि ती देणारी परिषद ज्या व्यवस्थेला मनाई करते, ती व्यवस्था निबंधकाच्या (संस्थांची नोंदणी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याच्या) दप्तरी नोंदली गेली म्हणून नियमात बसत नाही. म्हणून भारतात अशी फर्म काढताना सुरुवात आपापल्या व्यवसायाच्या कायद्यापासून करावी.

सनदी लेखापाल अधिनियम, १९४९ मधील कलम २५ कंपनीला सीए म्हणून व्यवसाय करू देत नाही. २०१२ च्या दुरुस्तीने एलएलपीचा मार्ग मोकळा झाला. मात्र जिच्यात एखादी कंपनी भागीदार आहे अशी एलएलपी अजूनही याच मनाईत येते. वास्तुविशारद अधिनियम, १९७२ नुसार भागीदारी फर्मला वास्तुविशारदांची फर्म म्हणवून घ्यायचे असेल, तर तिचे सर्व भागीदार नोंदणीकृत वास्तुविशारद असावे लागतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा नियम सर्वांत कडक आहे. जी व्यक्ती वकील नाही तिच्याशी वकिलाला भागीदारी करता येत नाही, इतकेच नव्हे तर मानधन वाटून घेण्याची अन्य कोणतीही व्यवस्थाही करता येत नाही.

नेमके येथेच अनेकांचे नियोजन अडते. सीएंच्या नियमांत ज्या अन्य व्यावसायिकांशी भागीदारी चालते त्यांच्या यादीत वकिलांचाही समावेश आहे, आणि तेवढे वाचून ‘कर सल्ला आणि खटले एकाच छताखाली’ अशी संस्था काढण्याचा विचार सुचतो. परंतु परवानगी दोन्ही बाजूंनी लागते, आणि वकिलाच्या बाजूने ती नाही. दोन वेगळ्या फर्म ठेवाव्यात, त्यांची देयके वेगळी असावीत आणि अशिलाने प्रत्येकीची नेमणूक स्वतंत्रपणे करावी. कागदोपत्री ‘सल्ला शुल्क’ असे नाव देऊन नफ्याची टक्केवारी फिरवणे ही पळवाट नसून नियमभंगच आहे, आणि त्याची शिक्षा सनद निलंबित होण्यापर्यंत जाऊ शकते.

यानंतर संस्थेचा प्रकार निवडावा. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ मधील कलम २५ प्रमाणे फर्मच्या प्रत्येक कृत्यासाठी सर्व भागीदार संयुक्तपणे आणि व्यक्तिशः जबाबदार असतात. मर्यादित दायित्व भागीदारी अधिनियम, २००८ ने हे चित्र बदलले, पण लोक समजतात तितके नाही. समजा, तीन सीएंची एलएलपी आहे आणि त्यांपैकी एकाने साठ्याची पडताळणी न करताच लेखापरीक्षण अहवालावर सही केली. नुकसानभरपाईचा दावा एलएलपीच्या मालमत्तेवर येईल, आणि सही करणाऱ्या भागीदाराच्या वैयक्तिक मालमत्तेवरही येऊ शकेल. उरलेल्या दोघांची घरे मात्र केवळ ते भागीदार आहेत म्हणून अडकणार नाहीत. एलएलपी आपल्याला सहकाऱ्याच्या चुकीपासून वाचवते, स्वतःच्या चुकीपासून नाही. त्यामुळे व्यावसायिक दायित्वाचा विमा एलएलपी असली तरी घ्यावाच.

करारपत्रावर सर्वाधिक वेळ खर्च करावा. नफ्याच्या टक्केवारीवर तासन्‌तास बोलणारे लोक पुढील बाबी मोघम सोडतात, याचे मला नेहमी वाईट वाटते. एखाद्या भागीदाराची सनद निलंबित झाली, तर तो कोणत्या दिवसापासून फर्ममधून बाहेर पडेल आणि त्याचे चालू काम कोणाकडे जाईल, हे स्पष्ट लिहावे. करारात वेगळी तरतूद नसेल, तर भागीदाराच्या मृत्यूने साधी भागीदारी विसर्जित होते. आणि भागीदार दोनच असतील, तर तरतूद लिहूनही फर्म टिकत नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. वारसांना द्यायच्या रकमेतही भेद आहे. सीएंच्या कायद्यात निवृत्त भागीदाराला किंवा मृत भागीदाराच्या कायदेशीर वारसाला नफ्यात वाटा देण्याची मुभा आहे; वकिलांच्या वर सांगितलेल्या नियमात तशी सवलत लिहिलेली नाही, म्हणून तेथे वारसांना भांडवल आणि मृत्यूपूर्वी कमावलेले येणे चुकते करण्याचे कलम ठेवावे, भविष्यातील मानधनात हिस्सा देण्याचे नव्हे. साध्या भागीदारीतून निवृत्त होणाऱ्याने जाहीर नोटीस दिल्याशिवाय निर्धास्त राहू नये, कारण तोपर्यंत त्रयस्थांच्या दृष्टीने त्याची जबाबदारी चालू राहू शकते.

नोंदणीचे काम तुलनेने सोपे आहे. साध्या भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला भागीदारी अधिनियमाच्या कलम ६९ मुळे करारानुसार थकलेल्या शुल्कासाठी अशिलावर दावा लावता येत नाही, म्हणून ती करून घ्यावी. एलएलपीला किमान दोन पदनिर्देशित भागीदार (कायद्याच्या पालनाची जबाबदारी असलेले भागीदार) लागतात आणि त्यांपैकी एक तरी भारतात निवासी असावा लागतो. स्थापनेपासून ३० दिवसांत करारपत्राची माहिती फॉर्म ३ मध्ये भरावी. पुढे दरवर्षी फॉर्म ११ (वार्षिक विवरण) ची मुदत ३० मे आणि फॉर्म ८ (हिशेब व पतक्षमतेचे विवरण) ची मुदत ३० ऑक्टोबर असते. उलाढाल ४० लाख रुपयांच्या किंवा भांडवली अंशदान (भागीदारांनी घातलेले भांडवल) २५ लाख रुपयांच्या वर गेल्यास हिशेबांचे लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. फर्मच्या नावासाठी स्वतःच्या परिषदेची मान्यता लागत असेल, तर ती आधी मिळवावी आणि मगच निबंधकाकडे अर्ज करावा. भागीदार आला किंवा गेला की निबंधक आणि परिषद या दोघांनाही कळवावे. एलएलपीसाठी निबंधकाला हे कळवण्याची मुदत ३० दिवसांची आहे.